यारीवाल्याची नजर

अण्णा,

“तोंडाकडं बघू नगं, हाताकडं बघ,” असं तुम्ही एकदा मला म्हणाला होतात. मी एकोणीस वर्षांची होते. तुमच्या यारीच्या डाव्या बाजूला पाण्याची कळशी घेऊन उभी होते. विहिरीच्या काठावरून तुम्हाला इशारे देणारे काका कशावर तरी हसत होते आणि मी त्यांच्या हसण्याकडेच बघत राहिले, त्यामुळे त्यांनी मिटलेली मूठ मला दिसली नाही. तुम्ही अंदाजाने ब्रेक दाबलात. डबरानं भरलेली बकेट वर येऊन हवेत झुलत थांबली. मग तुम्ही मान न वळवता, इंजिनाच्या आवाजात मला एकटीलाच ऐकू येईल असं हे वाक्य बोललात. रागावला नव्हतात. तुमचा आवाज घाबरलेला होता, आणि तसा तो मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी हे कधीच कुणाला सांगितलेलं नाही, आणि क्रमानं लिहिलं नाही तर माझं मलाच खरं वाटणार नाही. तुमच्या वेळी यारी चालवायला काय लागायचं? मालकानं लिव्हरवर बसवलं की माणूस यारीवाला झाला. विहिरीच्या काठावर लोखंडी खांब रोवायचे, वर कप्पी, मागे डिझेल इंजिन आणि वायर गुंडाळणारा ड्रम. खाली सुरुंगानं फुटलेला दगड माणसं बकेटीत भरणार, तुम्ही तो वर ओढणार, आणि दिवस संपला की त्याच बकेटीत माणसं वर येणार. तुम्हाला विहिरीचा तळ कधी दिसायचाच नाही. काठावरच्या माणसाचा हात दिसायचा, तेवढाच.

आता शहरातल्या बांधकामांवर असल्या लहान मशीनलाही कार्ड लागतं, अण्णा, म्हणजे चालवायचा परवाना. मी परभणीत जिथं नोकरी करते तिथं ते मिळतं. परीक्षा द्यावी लागते. वय बघतात, डॉक्टरचा दाखला बघतात. वजनाचा बोर्ड वाचता आला पाहिजे, हातांचे इशारे ओळखता आले पाहिजेत, रोज सकाळी मशीन तपासून वहीत सही करायची असते आणि काही वर्षांनी सगळं पुन्हा नव्यानं द्यायचं असतं. मशीनवरची परीक्षा आमचे सर घेतात. कागद आणि डोळे तपासायचं काम माझ्याकडे असतं. एका अरुंद खोलीत भिंतीवर तक्ता आहे, समोर खुर्ची आहे. अकरा वर्षं मी रोज कुणाला ना कुणाला त्या खुर्चीवर बसवते आणि मनातल्या मनात एकदा तुम्हालाही बसवून बघते. तुम्ही दरवेळी नापास होता.

आईला आधी कळलं होतं, असं मला आता वाटतं. तुम्ही घरी असलात की जेवणाआधी सूप घेऊन चुलीपाशी बसायचात आणि ज्वारी निवडून द्यायचात. पुरुषमाणूस ज्वारी निवडतो म्हणून शेजारणी हसायच्या. तुम्ही म्हणायचात, हाताला खडा कळतो, मला दिवसभर दगडांचीच सवय हाय. मग एका वर्षी भाकरीत खडा लागायला लागला. एकदा लागला, दोनदा लागला. तिसऱ्यांदा आईनं घास काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, “तुमच्यानं होत न्हाई तर ऱ्हाऊ द्या की, मी काय हातपाय मोडून बसलेय?” दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सुपाला हात लावला नाहीत. आई मनातून खट्टू झाली, तुम्ही रागावलात असं तिला वाटलं. मला मात्र तुम्ही अंगणात एकटे उभे दिसलात, एकेका डोळ्यावर हात धरून समोरच्या लिंबाकडे बघत.

मोतीबिंदू होता. परभणीला नेऊन दाखवला असता तर निघाला असता. तुम्ही म्हणालात, हा उन्हाळा जाऊ दे. विहिरीचं काम उन्हाळ्यातच असतं, पाऊस लागला की यारी झाकून ठेवायची, मग डोळ्याचं बघू. तोवर मी तुमच्या शेजारी उभी राहायचं, असं तुम्ही ठरवलंत. कॉलेजला सुट्टी लागली होती. लोकांना सांगायला कळशी होती, लेक बापाला पाणी देते, यात कुणाला काय दिसणार? काका हात वर करून बोटं उघडी ठेवायचे, म्हणजे ओढा. तोच हात, तसाच वर, बोटं मिटली, म्हणजे थांबा. तुम्हाला हात दिसायचा, अण्णा, बोटं दिसायची नाहीत. मी नुसतं “मूठ” म्हणायचे आणि तुम्ही ब्रेक दाबायचात. दीड महिना आपण दोघांनी मिळून एक यारीवाला चालवला. काकांनासुद्धा कळलं नाही.

मला ते आवडायचं नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. ऊन डोक्यावर, अंगावर डिझेलचा वास. पापणी मिटायची भीती वाटायची. एकदा तुम्ही सोनपेठच्या बाजारातून माझ्यासाठी शिट्टी आणलीत. पितळेची, लाल दोरीत ओवलेली. इंजिनाच्या आवाजात माझा शब्द हरवतो, म्हणून. तुम्ही ती माझ्या हातावर ठेवलीत तेव्हा तुम्हाला किती आनंद झाला होता ते मला आठवतं, आणि मी ती पर्समध्ये टाकली हेही आठवतं. विहिरीवर आठ-दहा माणसं. त्यांच्यासमोर शिट्टी वाजवणारी पोरगी मला व्हायचं नव्हतं. मी ती एकदाही वाजवली नाही.

मग तो बुधवार. मी कामावर आलेच नाही. काय झालं ते मला नंतर काकांनी आणि त्या दुसऱ्या माणसानं सांगितलं, जो नेमका पाणी प्यायला शिडीनं वर आला होता. खाली एकच माणूस राहिला होता. बकेट भरून वर निघाली. काकांनी मूठ मिटली. तुम्हाला वर केलेला हात दिसला आणि तुम्ही ओढत राहिलात. काका ओरडले, पण इंजिन चालू होतं. बकेट जाऊन वरच्या कप्पीला धडकली, कलंडली आणि सगळा दगड परत खाली गेला. त्या माणसाला बकेटीतूनच वर काढलं. यारी काकांनी चालवली. तुम्ही लिव्हर सोडून बाभळीखाली जाऊन बसला होतात आणि हाताचे तळवे बघत होतात.

मी दुपारच्या एसटीनं आले तेव्हा पोलीस यायचे होते. बकेट विहिरीत खाली पडलेली होती आणि वायरीचं टोक काठावर लोंबत होतं. काका सगळ्यांच्या मध्ये उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, शांतपणे, जसं शाळेत पोरांकडून घोकून घेतात तसं. “वायर तुटली. समद्यांनी ऐकलं का, वायर तुटली.” मी खाली वाकून ते टोक बघितलं. तुटलेली वायर केरसुणीसारखी पिंजारते, एकेक तार वेगळी होते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. समोरचं टोक सपाट होतं, कोयत्यानं ऊस तोडावा तसं. यारीच्या चाकापाशी छन्नी आणि हातोडा पडला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे बघितलं, आणि मी ती छन्नी उचलून हत्यारांच्या पेटीत ठेवली. एवढंच माझं काम होतं. पंचनाम्यात वायर तुटून मृत्यू असं आलं. मालक सगळ्यांसमोर शपथा घेऊन सांगत होता की वायर नवी होती, याच हंगामात घातली होती. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढं त्यानं यारी विकली आणि गावही सोडलं.

तुम्ही चार वर्षं जगलात. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं नाहीत. मी एकदा तारीख ठरवून आले तर म्हणालात, आता कशाला, काय बघायचं ऱ्हायलंय. तुम्ही गेलात तेव्हा त्या माणसाची बायको आपल्या घरी आली होती. आईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, “वायर तुटल्यापासनं अण्णा माणसात ऱ्हायले न्हाईत गं माय, त्येंचा काय दोष व्हता त्यात?” मी तिला पाणी दिलं. त्याच कळशीतलं.

यानंतरचं तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या पश्चात त्या सगळ्या भागात एक रीत पडली आहे. विहिरीचं काम लागायच्या आधी वायर धुतात, तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. मग टोळीतलं सगळ्यात म्हातारं माणूस फडकं हातात घेऊन वायरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतं. कुठं एक धागा जरी अडकला तरी वायर बदलायची, असा नियम आहे. दर हंगामाला नवी वायर घालतात. आणि नवीन आलेल्या माणसाला हे शिकवताना तुमची गोष्ट सांगतात. एक अण्णा होते, लय तयारीचा माणूस, वायरीनं दगा दिला. धागा अडकला नाही की सगळे निर्धास्त खाली उतरतात. यारीवर बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे कुणी विचारत नाही. आपण तिघांनी मिळून त्या माणसांना चुकीच्या जागी बघायला शिकवलं, अण्णा.

गेल्या सोमवारी काका माझ्या खोलीत आले. तुमच्यानंतर लिव्हरवर तेच बसायला लागले होते. सत्तावीस वर्षं त्यांनी विहिरी काढल्या. आता साठीला टेकलेत, परभणीत एका इमारतीवर वाळू-विटा वर ओढायच्या मशीनसाठी माणूस पाहिजे म्हणून त्यांना बोलावणं आलंय, पण तिथं कार्ड लागतं. त्यांनी धुतलेलं धोतर घातलं होतं. मला बघून हसले, पण बाकीच्यांसमोर मला बाई म्हणाले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि डावा डोळा झाकायला सांगितलं.

आमच्या तक्त्यावर अक्षरं नसतात, तीन दात्यांची खूण असते. लोक तिला दंताळं म्हणतात. दंताळ्याचे दाते कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. काकांनी धडाधड सांगितलं. वर, उजवं, खाली, खाली, डावं. अगदी शेवटची ओळ, जिथं पंचविशीतली पोरंही अडखळतात, तीसुद्धा न थांबता. मला कौतुक वाटलं आणि मग शंका आली. आमच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. परीक्षा देऊन बाहेर पडलेले तिथं बसतात आणि आत जायचे आहेत त्यांच्याशी बोलतात. मी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत लावला. म्हटलं, आता दुसरा डोळा. काकांनी हात बदलला आणि त्याच ठेक्यात सुरू केलं. वर, उजवं, खाली, खाली, डावं.

मी थांबवलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. पहिल्या डोळ्याला केली तशी पेनाची खूण मी केली नाही, आणि ते त्यांना कळलं. डोळ्यावरचा हात काढून ते म्हणाले, “उलटं केलंस व्हय?” आणि हसले. “अण्णाचीच लेक हायेस.”

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांनी काही लपवलं नाही. साखर आहे, दहा वर्षांपासून. डोळ्याच्या आतला पडदाच खराब झालाय, ऑपरेशन करूनही नजर यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. समोरचा माणूस दिसतो, त्याचा हात दिसतो. बोटांचं विचारू नकोस, म्हणाले. मी म्हटलं, काका, मग तुम्हीच सांगा मी काय लिहू. ते आवाज न चढवता म्हणाले, “तुज्या बापाला मी पास केलतं, माय. छन्नीनं. आता तू मला पेनानं कर.”

सत्तावीस वर्षांत त्यांनी या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं. माझ्या लग्नात राबले, आईला खांदा दिला, कधी एका शब्दानं उपकार दाखवला नाही. मी आत गेले, त्यांचा अर्ज काढला आणि त्यावर अपात्र असं लिहिलं. बाहेर येऊन सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी सारखी केली आणि उठले. “बरं. तुजं बी काम हाय ते. मग मी विहिरीवरच जातो. सोनपेठाकडं काम लागायलंय शनिवारी. तितं कोण कार्ड मागायलंय?” पायऱ्या उतरताना पायरी चाचपून उतरले. खाली गेल्यावर वळून म्हणाले, “वायर नवी घातली हाय. तू फिकीर करू नगं.”

हे ते मला समजवायला म्हणाले नाहीत, अण्णा. मनापासून म्हणाले. ज्यांनी स्वतःच्या हातानं ती तोडली, त्यांनाही आता ती तुटल्यासारखीच वाटते.

त्यांना कार्ड दिलं असतं तर ते इमारतीवर गेले असते. नाही दिलं म्हणून विहिरीवर चाललेत, जिथं खाली दोन माणसं असतील आणि तीच माणसं संध्याकाळी बकेटीत बसून वर येतील. मी सरांना सांगून बघितलं. ते म्हणाले, वाईट आहे, पण आपण कार्ड नाकारू शकतो, गावातल्या विहिरीवर जाऊन कुणाला उठवू शकत नाही. मी विहीर काढणाऱ्या शेतकऱ्याला फोन केला. नजरेचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हाताऱ्याच्या हातून इतक्या सालात एक माणूस दगावला न्हाई, बाई. अण्णाच्या वक्ताला झालं ते वायरीनं झालं. आमी वायर दोनदा बघणार हाव.” मी फोन ठेवला. त्या माणसांना नियम सांगून उपयोग नाही, त्यांच्याजवळ त्यांचा नियम आहे आणि तो आपणच दिलेला आहे. काल काकांना भेटायलाही जाऊन आले. म्हटलं, लिव्हरशेजारी नजर असलेला कुणीतरी उभा करा. ते म्हणाले, यारीवाल्याला दुसऱ्याचे डोळे लागतात म्हटल्यावर खाली कोण उतरंल? हे वाक्य मी तुमच्याकडून शब्दाला शब्द ऐकलं होतं.

एक सांगायचं राहिलंय. त्या बुधवारी मी तुम्हाला म्हणाले, कॉलेजातून बोलावलंय, फॉर्म भरायचाय. तुम्ही म्हणालात, मग आज काम बंद ठेवतो, कणकण आल्याचं सांगतो. मी म्हणाले, “एका दिवसानं काय होतंय, अण्णा?” फॉर्म नव्हता. मैत्रिणीबरोबर बाजार फिरले, दोन डझन हिरव्या बांगड्या घेतल्या, उसाचा रस प्याले. दीड महिन्यानं डोळे मिटून जरा बसता आलं म्हणून खूप बरं वाटलं होतं. शिट्टी माझ्या पर्समध्ये होती, बांगड्यांच्या खाली. काकांकडे ती देऊन जाता आली असती. तिचा आवाज इंजिनावरून जातो, हे मला आता माहीत आहे. मी ती आमच्या वर्गात वाजवून दाखवते.

तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात माझं मनगट धरून म्हणालात की हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे, माझ्यापायी काकाला तुरुंगात धाडू नको, आणि त्या मेलेल्या माणसाच्या बायकोला आता नव्यानं काही कळायला नको. मी हो म्हटलं. तो शब्द मी आजवर पाळला. आज शुक्रवार आहे. हे पत्र कुठं पाठवणार, काकांच्या अर्जाखाली ड्रॉवरमध्ये ठेवीन. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही मान हलवाल आणि डोळ्यावर हात धरून लिंबाकडे बघाल. तरी विचारते. उद्या सकाळी वायरीवरून फडकं फिरवून झालं, नारळ फुटला, की कुणी बकेटीत पाय ठेवायच्या आधी मला त्या काठावर उभं राहून सांगू द्या, की वायर तुटली नव्हती.